दिगूदादांची उडी बघायला पामर्स्टन नॉर्थला

आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीमचे हिरो दिगूदादा पामर्स्टन नॉर्थला लेकीकडे आलेत, असा मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर पडला आणि मी आणि मंदारने शनिवारी निघायचं ठरवूनच टाकलं. मी ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागात कोडिंग करतो, मंदार पेनरोजच्या एका गोदामाची सिस्टीम सांभाळतो. पण कबड्डीचा विषय निघाला की आम्ही अजूनही पुण्यातल्या कॉलेजच्या मैदानाबाहेर घसा फोडत उभे असतो. स्वतः मात्र कधी खेळलो नाही.

ऑकलंडहून गाडीने जाणार असाल तर पहाटे निघा, म्हणजे हॅमिल्टन ट्रॅफिकआधी मागे पडतं. टाउपोला टाकी भरून घ्या. हिवाळ्यात पुढचा डेझर्ट रोड बर्फाने बंद होतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. आम्हाला लख्ख ऊन मिळालं, उजवीकडे रुआपेहू पांढराशुभ्र. पण डोंगर बघायला फुरसत कुणाला होती? गाडीत भांडण जुंपलं होतं.

"दिगूदादांना सांगलीहून आपल्या सरांनी आणलं."

"आणलं काय, पळवलं! दुसऱ्या कॉलेजने लॉजवर लपवून ठेवलं होतं. सरांनी मागच्या दाराने काढलं."

"हॉस्टेल फुकट आणि रोज चार अंडी."

"सहा रे, सहा!"

ताइहापेच्या बेकरीत स्कोन झकास मिळतात. तिथेही आमचा आवाज चढलेलाच होता. काउंटरवरच्या बाईंनी काळजीने विचारलं, "यू गाइज ऑलराइट?"

"स्वीट ॲज," म्हणजे एकदम मस्त, असं इथल्या थाटात म्हणून मंदार त्यांना कबड्डी समजावायला लागला. मागे रांग वाढत होती.

दुपारी पोचलो तेव्हा लेक, प्राची, सामान आणायला गेली होती. दार दिगूदादांनीच उघडलं. अंगाने सुटलेत, केस पिकलेत, पण लाजरं हसू तेच. आम्ही पाया पडलो आणि त्यांना त्यांच्याच मॅच सांगायला लागलो. त्यांना फारसं आठवत नव्हतं. आम्हाला सगळं पाठ होतं, विशेषतः ती फायनल, ज्यात त्यांनी पकडायला आलेल्याच्या डोक्यावरून उडी मारून रेषा गाठली होती.

"दादा, एकदा होऊन जाऊ दे ना. लॉनवर, हलकीशी!" मी म्हणालो.

"अरे, आता कुठलं..."

"आम्ही एवढ्या लांबून आलोय!"

ते क्षणभर थांबले आणि सपाता काढून गवतावर गेले. मंदार समोर वाकून उभा राहिला, मी मोबाइल धरला. दादा दोन पावलं धावले, उडाले आणि पलीकडे पडले. बसल्या जागी ओशाळं हसून म्हणाले, "जमलं नाही रे." मी व्हिडिओ ग्रुपवर टाकूनसुद्धा दिला.

तेवढ्यात प्राचीची गाडी आली. पिशव्या तिथेच टाकून ती धावली. दादांना उठता येत नव्हतं. आम्ही तिघांनी धरून आत नेलं, तिने गुडघ्यावर बर्फ ठेवला.

"काका, आत्ता कुठे काठी सुटली होती त्यांची," ती म्हणाली. "रोज नदीपर्यंत चालायला लागले होते. बाबांना नाही म्हणता येत नाही. कॉलेजातही आलं नाही. त्या फायनलला गुडघा सुजला होता, इंजेक्शन देऊन उतरवलं त्यांना. पुढे खेळ संपलाच. माहीत नव्हतं तुम्हाला?"

नव्हतं. आमच्या आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस म्हणून इतकी वर्षं जो मिरवला, तो त्यांचा शेवटचा खेळ होता. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"पोरांना बोलू नकोस, लांबून आलीत," दादा म्हणाले. "रस्सा केलाय, जेवून जा." आणि आम्ही जेवलोही. नको म्हणायचं तोंड नव्हतं. ते भिंत धरून उठले आणि आम्हाला वाढायला आले.

मोटेलला रात्र काढून रविवारी परतलो. प्राचीचा मेसेज आला होता, बाबांनी पुन्हा काठी घेतलीय. ट्रिप कशी झाली, असं विचारणाऱ्यांना मी रस्ता सुंदर आहे एवढंच सांगतो.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर व्हिडिओला बदाम आणि टाळ्यांचा पाऊस पडला होता. बायकोने तो लावला. दादा पडले, उठायची धडपड करत राहिले आणि मोबाइलच्या अगदी जवळून कुणीतरी खदखदून हसत "वन्स मोअर! वन्स मोअर!" ओरडत होतं.

"शी! हा कोण रे?" तिने विचारलं.

"मी," मी म्हणालो.