बंद सील आणि सुटलेली वायर

आधीच सांगतो, वाद घालायला येऊ नका. तुम्हा न मानणाऱ्यांच्या बाजूने आजवर मीच वाद घालत आलोय. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहासोबत वाचतो आणि प्रत्येकात खोट काढतो. बायको म्हणते, "अहो, तुम्ही देवळातल्या प्रसादावरसुद्धा संशय घ्याल." घेईनही! मी गाड्यांच्या इन्शुरन्स क्लेमचा सर्व्हेअर आहे. अपघात झाला की लोक काय वाट्टेल ते सांगतात, आणि नक्की काय झालं ते शोधणं हे माझं काम. बावीस वर्षं हेच करतोय. भूतबित असतं तर एकदा तरी क्लेम फॉर्मवर भेटलं असतं.

तर... राहायला नेरूळला. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये माझी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे, दोनच सीटची, कापडी छपराची. कंपनीचं नाव लिहीत नाही. घरातल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, फक्त अण्णा सोडून. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर एसटी चालवली, घाट पाठ. त्यांची एकच इच्छा होती. "सुरेश, एकदा मला या टिकलीएवढ्या गाडीतनं खंबाटकी चढवून गावाला ने. आयुष्यभर दुसऱ्यांना नेलं, आता मी बाजूला बसून झोपणार."

छाती कमजोर झाली होती त्यांची. डॉक्टर म्हणाले, जायचं असेल तर आत्ताच घेऊन जा. म्हणून जानेवारी ठरला.

अडचण एकच. गाडी चढाला तापायची. पारसिक टेकडीवर काटा लाल रेघेला टेकला आणि माझा जीव खाली-वर झाला. जुन्या गाड्यांना यावर एक उपाय असतो, तो अण्णांनीच सांगितला. हीटर फुल सोडायचा. इंजिनाची उष्णता आत ओढली जाते, इंजिन थंड राहतं. शिवाय थंडीत म्हाताऱ्याच्या पायाला ऊब. पण हीटरचा ब्लोअर, म्हणजे आतला फॅन, बंद! नवी मुंबईत हीटर लावतो कोण? कित्येक वर्षं कुणी बटण दाबलं नसेल.

गाडी घेऊन जासईला गेलो. तिथे काशिनाथचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाव त्याचंच, चहूबाजूंनी आता कंटेनर यार्ड. वीस वर्षांची ओळख. माझ्या मुलीच्या बारशाला आलेला माणूस. त्याने ब्लोअर खोलला, आतला उंदराचा कचरा काढला, ब्रश बदलले, टेबलावर फिरवून दाखवला. गाडीत बसवून वायरचा कपलर जोडला. कपलर म्हणजे दोन वायरी एकमेकींत अडकवणारा प्लास्टिकचा जोड. फॅन मस्त घुमला.

"घ्या साहेब. आता बर्फात न्या गारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं... ढिम्म. बॉनेट उघडलं तर कपलर सुटलेला. राहिला असेल ढिला, म्हटलं. परत जासई. काशिनाथने तो खटकन लावला, ओढून दाखवला, वरून प्लास्टिकची पट्टी आवळली.

पुढच्या सकाळी परत सुटलेला. पट्टी जशीच्या तशी आवळलेली, पण नुसत्या एका वायरीवर.

मग माझ्या डोक्यातला सर्व्हेअर जागा झाला. सोसायटीच्या ऑफिसात बसून कॅमेऱ्याचं सगळं रेकॉर्डिंग पाहिलं. गाडीवरचं कव्हर हललंसुद्धा नव्हतं. वॉचमन एकदा शेजारून शिट्टी वाजवत गेला आणि एक मांजर टायरला अंग घासून गेलं, बस. वॉचमनची उलटतपासणी केली, तो बिचारा रडकुंडीला आला. सेक्रेटरीवरही संशय घेतला, कारण पार्किंगवरून आमचं वाजलेलं आहे. बायको म्हणाली, "आता मांजराचं स्टेटमेंट घ्या."

काशिनाथ मात्र हसला नाही. "साहेब, एक काम करू. सील मारू."

यार्डातल्या कंटेनरच्या दारांना असतं ना, नंबर छापलेलं प्लास्टिकचं सील? एकदा अडकवलं की कापल्याशिवाय निघत नाही. त्याच्याकडे तसली पडलेली होती. कपलरच्या दोन्ही भागांना एकेक भोकाचा कान असतो. त्याने दोन्ही कानांतून सील ओवलं आणि खट्ट बंद केलं. मी नंबर लिहून घेतला.

सकाळी बॉनेट उघडलं. कपलर सुटलेला. सील बंद, नंबर तोच, एका कानात लोंबकळतंय. दुसरा कान धड. चीर नाही, ओरखडा नाही. मी तिथेच पार्किंगमध्ये खाली बसलो.

आता माझी अक्कल कशी चालली बघा. सील कुणाचं? काशिनाथचं. मग त्याच नंबरचं दुसरं सील कुणाकडे असू शकतं? काशिनाथकडेच. गाडीची एक चावीही त्याच्याकडे होती. आणि का करेल तो? तर महिनाभरापूर्वी तो म्हणाला होता, "ओलखीचा एक जन हाय, तुमची गारी मांगतो. देता का?" झालं! मी वैतागून गाडी विकावी म्हणून हा उद्योग. कॅमेऱ्यात नाही दिसला? मॅनेज केलं असेल. बावीस वर्षांच्या अनुभवाचा असा मी चुथडा केला.

भर दुपारी जासईला जाऊन, दुकानात चार गिऱ्हाइकं असताना, मी त्याला चोर म्हणालो. शब्द तोच वापरला. अण्णांचं नावही घेतलं. म्हातारा माणूस दिवस मोजतोय आणि तू त्याच्या वायरी काढतोस?

काशिनाथ हात पुसत राहिला. मग आतून गाडीची चावी आणली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "चा सांगितलाय. पिऊन जावा." मी प्यायलो नाही.

कळंबोलीत ट्रान्सपोर्टच्या सामानाच्या दुकानातून मी स्वतः नवं सील घेतलं. जुनं तसंच लोंबतं ठेवून हे स्वतः मारलं, त्यावर मार्करने सही केली. दोन्ही चाव्या उशाखाली. उद्या निघायचं होतं. अण्णांनी कानटोपी काढून ठेवलेली, पिशवी भरून दाराशी.

सकाळी सहाला बघतो तर... कपलर सुटलेला. सील बंद. सही माझीच.

खरं सांगतो, घाबरलो. पण भुताला नाही, स्वतःला घाबरलो. काशिनाथला काय बोलून बसलो होतो मी!

अण्णांना दहा वाजता निघू म्हणून थाप मारली आणि गाडी कळंबोलीला नेली. स्टील मार्केटजवळ ट्रकांचे सायलेन्सर वेल्ड करणारे एक मामा आहेत. म्हटलं, कपलर गेला खड्ड्यात, ब्लोअरची वायर सरळ बॅटरीला जोडून द्या. मामांनी कपलरचा कान चिरून दोन्ही सीलं न कापता मला काढून दिली आणि वायर जोडली. गाडीचं छप्पर लावलेलं, काचा बंद. इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं, फॅन फुल. थोड्या वेळाने मामांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि खोकत बाहेर आले. डोळ्यांत पाणी.

"बंद करा! कोणाला मारायचंय काय?"

त्यांनी आरसा घालून दाखवलं. इंजिनाचा धूर जिथून बाहेर पडतो त्या बिडाच्या नळीला, मॅनिफोल्डला, खालच्या बाजूने बोटभर तडा होता. गार असताना मिटलेला, तापला की उघडायचा. बरोबर त्याच्यावर हीटरला हवा नेणारा पाइप, तोही फाटलेला. फॅन बंद असेल तर धूर खाली निघून जातो. फॅन लावला की सगळा आत. काशिनाथकडे फॅन फिरवून बघितला तेव्हा इंजिन बंद होतं, म्हणून कुणाला कळलंच नाही.

बंद गाडीत धूर भरून माणसं गेल्याची एक फाइल मी स्वतः हाताळली आहे. धडपड नसते. माणूस झोपतो आणि उठत नाही. आणि आमचे अण्णा गाडीत बसल्यावर दहा मिनिटांत घोरायला लागतात. मला ते झोपलेत असंच वाटलं असतं. खंबाटकी येईपर्यंत मी त्यांना उठवलंही नसतं. कदाचित तिथवर मीही पोचलो नसतो.

मामांच्या स्टुलावर बसून मी लहान मुलासारखा रडलो. लाज कसली त्यात.

तसाच जासईला गेलो. काशिनाथचे पाय धरायला वाकलो तर त्याने खांदे पकडले. सगळं सांगितलं. त्याने ते सहीचं सील हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, ओढून पाहिलं.

"साहेब, मी नाय काढली वायर."

"माहीत आहे रे मला."

"पन ती चीर मना दिसली असती ना, तर वायर सोडा, आख्खा फॅन काढून खारीच्या पान्यात टाकला असता. तुमी चोर बोलला असता तरी."

आणि परत चहा सांगितला. या वेळी प्यायलो.

मॅनिफोल्ड बदललं, पाइप नवा टाकला. कपलर काशिनाथनेच जोडला. मी सील पुढे केलं तर नको म्हणाला. आठवड्याने अण्णांना घेऊन निघालो. पनवेल सोडेस्तोवर ते घोरायला लागले. मी दर पाच मिनिटांनी एक हात त्यांच्या छातीवर ठेवून बघत होतो. खंबाटकीच्या पायथ्याला हलवून उठवलं तर डाफरले, "अरे, जिवंत आहे मी, पुढे बघ!" फॅन घुमत होता. काटा मधोमध.

तो कपलर त्यानंतर आजतागायत सुटलेला नाही.

दोन्ही बंद सीलं माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ओळखीच्या दोन इंजिनियरांना दाखवली. एक म्हणाला प्लास्टिक ताणलं असेल, दुसरा म्हणाला तूच झोपेत केलं असशील. दोन्ही शक्यता मी तपासल्या, बसत नाहीत. माझ्या रिपोर्टात शेवटी एक रकाना असतो, 'कारण'. तो मी कधी कोरा सोडला नाही. इथे सोडतोय. वायर कुणी काढली, मला माहीत नाही. काशिनाथने काढली नव्हती, एवढं सही करून लिहून देतो.