चालू मशीनमधली डिस्क

चूक माझी होती. ती झाली तेव्हा दादा घरी नव्हते, आणि ते घरी आल्यावर मी त्यांना जे सांगितलं ते खोटं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे हसण्यासारखं बरंच आहे, आणि ते वाचता वाचता तुम्ही मला त्यांचा चांगला शेजारी समजून बसाल.

दादांची एक खोड होती. घरी कुणीही आलं, सोयरा असो, गुरांचा डॉक्टर असो की लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस, चहा उकळेपर्यंत ते त्याला मागच्या खोलीत न्यायचे. तिथे लोखंडी मांडणीवर त्यांचा सर्व्हर, म्हणजे कंपन्यांत माहिती साठवणारा मोठा कॉम्प्युटर, घोंघावत असायचा. पेटीएवढा लांब, दोन माणसांनी उचलावा असा. त्याच्या तोंडाला ओळीने डिस्का बसवलेल्या आणि प्रत्येकीवर एक हिरवा दिवा. दादा खटका दाबायचे आणि चालू मशीनमधून एक डिस्क सरळ ओढून पाहुण्याच्या हातात ठेवायचे. मशीन चालूच. भिंतीवरच्या टीव्हीवर त्यातला व्हिडिओही चालूच.

"बगा. काय झालं?"

पाहुणा डिस्क हातात धरून अवघडलेला.

"काय न्हाई झालं!" उत्तरही दादाच द्यायचे. "समद्या डिस्का मिळून माल सांभाळत्यात. एक गेली तर बाकीच्या तिचा वाटा राखून ठेवत्यात. आपल्या भावकीवानी न्हाई, एक गेला की वाट्यावर बसले."

मग ते डिस्क परत खोचायचे. तिच्यावर केशरी दिवा लुकलुकायला लागायचा. "आता ही बाकीच्यांकडनं आपला हिशेब परत घेतीया. तिला येळ लागतो. केशरी हाय तवर कुणी हात लावायचा न्हाई." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणू शकेन. माझ्याकडे सबब नाही, ती यामुळेच.

आंबवड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. समोर दादांचं घर. ते दुधाचा टेम्पो चालवायचे. वेल्ह्याच्या अंगाच्या वरच्या वाड्यांवरून दूध गोळा करायचं, पुण्यात पोचवायचं आणि रिकाम्या कॅनसोबत परत यायचं. या रिकाम्या परतीच्या फेरीनेच त्यांना नाद लावला. पुण्यात मोठी ऑफिसं दर काही वर्षांनी आपले सर्व्हर बदलतात आणि जुने भंगारात जातात. अशा एका भंगारवाल्याकडे दादांनी पहिला सर्व्हर पाहिला. बैलबाजारात एखादा माणूस नुसता फिरायला जातो आणि कासरा हातात घेऊनच घरी येतो, तुम्ही पाहिला असेल. तसंच झालं.

पहिल्यांदा ते मशीन सुरू केलं त्या सकाळी मी तिथेच होतो. सर्व्हरचे पंखे सुरू होताना पूर्ण जोरात फिरतात, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. असा आवाज उठला की दावणीची म्हैस उभी राहिली. पलीकडच्या आळीतली एक म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन आली आणि दारातून विचारू लागली, "गिरणी कवा सुरू केली रं?"

वहिनी, म्हणजे दादांची बायको, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली.

"दूध देत न्हाई, शेण टाकत न्हाई. नुसतं खातंय."

"अगं, ताकद बग त्याची."

"ताकद म्या बगती की. लाईटचं बिल आल्यावर तुमची बगू."

त्या ताकदीचं दादा करणार काय, हा प्रश्न गावाने वर्षभर विचारला. दादांचं उत्तर ठरलेलं होतं. "करायचं काय? असावं." प्रोसेसर किती, मेमरी किती, हे ते अशा आवाजात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं बैलाचे दात मोजतायत. टेम्पोच्या टपावर बसून ते मोबाईलवर तसल्याच हौशी लोकांशी बोलत. कुणी नाशिकचा, कुणी कोल्हापूरचा. सगळ्यांच्या घरात एक खोली घोंघावणारी आणि एक बायको वैतागलेली. दादांनी पुढे आणखी दोन सर्व्हर आणले. ते चालत नसत, पण त्यांच्या अंगातलं काढून चालणाऱ्याला घालता येई.

वहिनींनी मात्र उपयोग आधी शोधला. पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि मशीनच्या पाठीमागून गरम वारा सुटतो. त्यांनी तिथे दोरी बांधली. त्या वर्षी आळीत फक्त त्यांच्या घरची लुगडी वाळत होती. एकदा एक करडू थंडीने काकडलं, तेही रात्रभर मशीनमागे पोत्यावर निजून सकाळी उड्या मारू लागलं. "गुणाचं हाय तसं," वहिनी म्हणाल्या. दादांना हे कौतुक फारसं आवडलं नाही.

खरा उपयोग दुधाच्या वाटेवर सापडला. वरच्या वाड्यांवर आता घरटी मोबाईल आहे, आणि प्रत्येक मोबाईल भरलेला. पोरांचे फोटो, लग्नं, जत्रा, मेंढरांची कातरणी. दादा दूध घेताना मोबाईलही घेऊ लागले. घरी आणून सगळं सर्व्हरवर उतरवायचं, मोबाईल रिकामा करायचा, दुसऱ्या दिवशी कॅनबरोबर परत. प्रत्येक घराच्या नावाने वेगळा कप्पा. दूर मुंबईला गेलेल्या पोराचं लग्न बघायला आजोबा खाली येत आणि वहिनी त्यांना चहा देत. ताकदीला काम मिळालं. लोकांचे मोबाईल सोबत म्हणून दादा टेम्पोही हळू चालवायला लागले होते, असं मला वाटतं.

"दुसरी कॉपी ठेवा एखादी," मी एकदा म्हणालो होतो.

"ठेवायची हाय. मोठी डिस्क मिळू दे भंगारात."

आता माझी गोष्ट.

माझा मेहुणा पुण्याहून आला होता. तो असले सर्व्हर बदलणाऱ्याच एका कंपनीत नोकरीला आहे, आणि आमच्या गावात बघण्यासारखं काही असतं यावर त्याचा विश्वास नाही. दादा दूध घेऊन गेलेले, वहिनी रानात. शेजारी म्हणून खोलीची एक किल्ली कायम माझ्याकडे असायची. मी त्याला घेऊन गेलो आणि टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. मला त्याचं तोंड वासलेलं बघायचं होतं, एवढंच.

एका डिस्कवर केशरी दिवा लुकलुकत होता. सकाळी निघण्याआधी दादांनी कुणाला तरी खेळ दाखवला असणार. मला ते दिसलं. मी मनात म्हटलं, केशरीला हात लावायचा नाही ना, मग हिरवीला लावू. खटका दाबला, शेजारची डिस्क ओढली आणि दादांच्याच आवाजात म्हणालो, "बघ. काय झालं?"

मशीन किंचाळायला लागलं. केशरी डिस्क अजून हिशेब परत घेत होती, आणि तो देणाऱ्यांपैकीच एक मी काढली होती. टीव्हीवरचं चित्र थांबलं. मी डिस्क घाईघाईने परत खोचली, किंचाळणं थांबेना, तेव्हा मी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं, ते लाईट आणि जोडीची बॅटरी दोन्ही तोडतं.

"काय झालं?" मेहुण्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. निघताना बटण तेवढं परत चालू केलं, मशीन बंदच राहिलं.

दादा आले. मी दारातच सांगितलं, "दादा, लाईट गेली होती. तुमचं मशीन बंद पडलं." आमच्याकडे लाईट गेली याला साक्षीदार लागत नाही. म्हणून तर ते तोंडात आलं.

दादांनी चप्पल पायात तशीच ठेवून आत धाव घेतली. मशीन सुरू झालं, पण आतलं काही दिसेना. त्यांनी मागच्या वायरी चाचपून पाहिल्या. मग म्हणाले, "पण लाईट गेली तरी बंद पडाय नको व्हतं. बॅटरी हाय की." ती बॅटरीची जोडणी त्यांनी स्वतः केली होती, जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणून. "म्हंजे जोडकाम माझंच चुकलं."

ते आठवडाभर ती जोडणी उलगडत होते. एकेक वायर काढून बघायची, मीटर लावायचा, पुन्हा जोडायची. मांडणीखाली उजेड कमी पडतो म्हणून कुणीतरी हातबॅटरी धरायला लागे. मी धरत होतो.

शेवटी त्यांनी नाशिकच्या हौशी माणसाला फोन लावला. फोन जमिनीवर, स्पीकर चालू. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "मधे कोणी डिस्क काढली होती का? काढली असेल तर सांगा. कोणती आधी, कोणती नंतर, एवढं कळलं तर माल परत मिळायची बरीच आशा आहे."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. नुसतं, ज्याला माहीत आहे त्याच्याकडे बघतात तसं.

"न्हाई," ते फोनला म्हणाले. "लाईटच गेलेली. हे आमचे भाऊ हितंच व्हते."

मी बॅटरी धरून होतो. उजेड हलला नाही.

"मग अवघड आहे," तिकडचा माणूस म्हणाला. "नव्याने मांडा." दादांनी डिस्का पुसून कोऱ्या केल्या आणि नव्याने मांडल्या. मी डिस्क काढली ती चूक, तिचं औषध होतं. ते औषध सांडलं ते या क्षणी, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं.

वरच्या वाड्यांवर बातमी गेली. लोक रागावले नाहीत, त्यामुळे दादांना जास्तच कठीण गेलं. "जाऊ द्या, मशीनला काय कळतंय," असं म्हणून बरेच जण गप्प बसले. एक धनगर म्हातारी मात्र दुधाच्या टेम्पोत बसून खाली आली. तिचा नवरा वारला होता. नातवाच्या मोबाईलवर त्याचा एकच व्हिडिओ होता, मेंढरांना हाका मारतानाचा. वर्षश्राद्धाला पाहुण्यांना दाखवावा म्हणून ती मागायला आली होती.

मी समोर दुकानात सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढत होतो. सगळं ऐकू येत होतं.

"गेला, आजी," दादा म्हणाले. "माझ्या हातनं गेला."

म्हातारीने खोलीतली ती तीन मोठाली धुडं एकेक करून निरखली.

"येवढं मोठं आनलंस," ती म्हणाली, "आन माझ्या म्हाताऱ्याला ठेवाय जागा नव्हती व्हय रं?"

वहिनींनी तिला चहा दिला, तो तिने घेतला आणि कप उपडा ठेवून उठली.

त्यानंतर पाहुणा आला तर दादा त्याला ओट्यावरच बसवायचे. दूध घालणाऱ्या बायका मोबाईल पुढे करायच्या तर म्हणायचे, "माझ्याकडं नगा देऊ." घरातला बल्ब बदलायलासुद्धा ते वायरमनला बोलावू लागले. वहिनी एकदा दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी समजवा. आपल्या हातांना भितोय हा मानूस." मी बघतो म्हणालो.

पाऊस उघडला तेव्हा दादांनी टेम्पो घराला पाठ लावून उभा केला आणि मला हाक मारली. सर्व्हर भंगारात द्यायचे होते, उचलायला दुसरा माणूस हवा होता. तिन्ही चढवले. वहिनींची दोरी खोलीत तशीच लोंबत राहिली. ती खोली आजही रिकामीच आहे.

"एक तरी ठेवा," मी म्हणालो.

"कशाला? मशीन चांगलं हाय रं. माझं जोडकाम खोटं." आणि त्यांनी टेम्पोचं फळकं लावलं.

तेव्हा मी सांगितलं. काही तयारी केली नव्हती. मेहुणा, केशरी दिवा, हिरवी डिस्क, मेन बटण, लाईट न गेलेली. सगळं एका दमात.

दादांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "कंची काढलीस?"

"डावीकडून तिसरी."

"आन केशरी कंची?"

"दुसरी."

ते मनात काहीतरी मांडत होते. ओठ हलत होते. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात वर करून उलटेपालटे बघितले, आणि खाली सोडले.

"फोनवर इचारलं तवा तू हितंच बसला व्हतास."

"हो."

"बॅटरी धरून."

"हो. दादा, मला माफ—"

"मला नगं सांगू," ते म्हणाले. "बस टेम्पोत."

टेम्पो वरच्या वाडीच्या चढाला लागला. वळणावळणाला मागे सर्व्हर एकमेकांवर आदळत होते आणि दादा एरवी तसल्या आवाजाला थांबले असते. वाडीत पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात कोकरांना पाला टाकत होती. आजूबाजूला बायका दुधाची भांडी घासत होत्या. दादा टेम्पोतून उतरले नाहीत.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं.

"मोठ्यानं बोल की," ती म्हणाली. "मला कमी ऐकू येतंय."

मी मोठ्याने बोललो. बायकांनी भांडी खाली ठेवली.

"आजी, दादांच्या हातून काही गेलं नाही. तुमच्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ माझ्यामुळे गेला. मी नको तिथे हात घातला, आणि मग लाईट गेली म्हणून खोटं बोललो. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तो कदाचित परत मिळाला असता. मला माफ करा."