मामाच्या विहिरीवर शिडाची होडी

होडी घेताना पक्का कील की सेंटरबोर्ड, यावर मित्रांनी माझं डोकं खाल्लं होतं. पक्का कील म्हणजे तळाशी कायमचं वजन. निर्धास्त, पण उथळ पाण्यात रुतणार. सेंटरबोर्ड म्हणजे तळातल्या फटीतून दोरीने खाली सोडायची फळी. ती होडीला आडवं घसरू देत नाही, आणि पाणी कमी झालं की वर ओढता येते. मी धरणांच्या पाण्यात भटकणारा, मी फळी घेतली. कटकट आहेच. फटीत गाळ बसतो, पिन झिजते, आणि आळस केलात तर ऐन वेळी फळी हलत नाही.

आखाजीच्या आधी मामीचा फोन आला. मामा हिवाळ्यात गेला. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्याची ही पहिलीच. मामीला पाणी हवं होतं मामाने स्वतः खणलेल्या विहिरीचं. ती विहीर, वावरासकट, बॅरेज झाल्यापासून तापीच्या पोटात आहे.

नाशिकहून धुळे, दोंडाईचा, सारंगखेडा. मागे होडीची ट्रॉली असेल तर पहाटेच निघा. टोलवर ट्रॉलीचे वेगळे पैसे मागतात, वाद घालू नका. मी घातला, काही उपयोग झाला नाही. दोंडाईच्याजवळ शेवभाजी खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मुक्काम मामीकडे, ब्राह्मणपुरीला. संध्याकाळी फट गजाने खरवडली, पिनला ग्रीस लावलं. मामी ओट्यावरून बघत होती.

"हाई फळी दगडले लागनी तं तुटी जाई का?"

"नाही मामी. मागे वळून वर येते. दगड सरला की परत खाली."

सकाळी पश्चिमेचा वारा होता. मामी होडीत मांडीवर तांब्याची घागर घेऊन बसली होती, काठावरच्या खुणा दाखवत होती, पिंपळ, देवळाचा कळस. "त्या पिंपयना समोर चाल. आते कळसकडे." फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. खाली काही दिसेना. तिचा आवाज बसत चालला.

"आते काहीच वळखाले येत नही, भाऊ."

परत फिरावं असं मनात आलं आणि तळाशी खरखर झाली. फळी वर आली, हातातली दोरी सैल पडली. लगेच फळी खाली सुटली. जरा पुढे पुन्हा दगड. विहिरीचा कठडा, अलीकडचा आणि पलीकडचा. मी शीड उतरवलं.

"हाईच शे," मामी म्हणाली आणि रडू लागली. मलाही आवरेना. घागर दोरीने आत खोल सोडली. पाणी गढूळ आलं.

घरी घागर मांडली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवला. त्याआधी मी पाणी गाळायला फडकं घेतलं होतं. मामीने हात धरला. "गाळू नको. आपला वावरनी माती शे ती."

नाशिकला परतल्यावर नेहमीसारखी फळी उतरवली. फटीत काळी माती घट्ट बसली होती. ती काढावीच लागते. पाइप सुरू केला आणि लगेच बंद केला. मग चमच्याने सगळी माती काढून डब्यात भरली. वावर बुडालं तेव्हा मामीला त्यातलं काहीच आणता आलं नव्हतं.