पाणंदीत उभा ऊस

हरणाबाई सायकल चालवते याचं वाडीला आता काही वाटेनासं झालं होतं. नवरा लालासाहेब पलटणीत. बेळगावच्या क्वार्टरीत राहत असताना एका सुभेदाराच्या बायकोनं तिला मैदानावर सायकल शिकवली. पुढं लालासाहेबांची बदली सरहद्दीवर झाली आणि हरणाबाई सायकलीसकट सासरी आली. उंब्रजपासून दोन कोसांवरची ती वाडी. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग कुणाचं दळण, कुणाचं औषध, कुणाच्या लेकीकडचा निरोप असं ज्याचं त्याचं काम निघालं, तसं हसणं आपोआप थांबलं.

"घोड्यावर बसायला काढलेलं लुगडं हाय हे," ती काष्टा खोचत म्हणायची, "सायकलीचं काय घिऊन बसलाय."

तिचं बघून वाडीतल्या पोरी शिकल्या. हायस्कूल उंब्रजला, आणि एस. टी. म्हणजे आली तर आली. कुणी भावाच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारायची. कुणी सीटवर नीट बसायची, पण उतार लागला की ब्रेक विसरायची. शालन तेवढी पक्की, चढावरसुद्धा खाली न उतरणारी. ही शालन हरणाबाईच्या थोरल्या दिराची, नानासोंची लेक.

अठ्ठ्याहत्तर साली दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि त्याच आठवड्यात हमरस्त्यावर उसाचा ट्रक शालनला खेटून गेला. थांबलासुद्धा नाही. पोर रस्त्याखालच्या दगडांत पडली. जीव राहिला ही देवाची कृपा, पण हात मोडला. संध्याकाळी नानासो ओसरीवर बसून म्हणाले, "बास झाली शाळा." एकाचं ऐकून दुसरा, असं करत वाडीतल्या सगळ्याच बापांनी पोरी घरात बसवल्या. जसा काही तो ट्रक पोरीच हाकत होत्या.

हरणाबाईचं डोकं तिथं फिरलं.

"रस्ता वाईट तर रस्ता बदला की. पोरी कोंडून ट्रकवाला सुधारनार हाय व्हय?" ती सासूला, अंबूबाईंना म्हणाली. मग देवापुढची वात सारखी केली, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि सायकल बाहेर काढली. हमरस्ता टाळून उंब्रजला जायची वाट तिला शोधायची होती, आणि ती अशी की कच्च्यातल्या कच्च्या पोरीलाही झेपली पाहिजे.

आधी ती नदीकाठानं गेली. वाट सपाट, करंजाची सावली, बघताना वाटावं की हीच ती. पण पुढं मळईच्या गाळात चाक रुतलं ते निघेना. ओढ्याच्या तोंडाशी तर सायकल खांद्यावर घ्यायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी माळावरून गुरांच्या वाटेनं खिंडीत चढली. वर वारं छान, उंब्रजची घरं हाताशी आल्यासारखी दिसत होती. उतरताना मुरमावरून चाक सटकलं आणि कोपर सोलपाटून निघालं.

"शालनला चालंल ही, हात बरा झाल्यावर," अंबूबाई हळद लावत असताना ती म्हणाली. "बाकीच्या पोरी सायकलीच्या आदी खाली पोचतील."

"मग पानंद बघ की," अंबूबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नात दोन गाड्या शेजारी-शेजारी आल्या तिच्यातनं. बैलाची शिंगं घासली न्हाईत."

पाणंद म्हणजे शेतांच्या मधली गाडीवाट. ही वाडीच्या मागून निघून थेट उंब्रजच्या बाजारतळामागं जायची. ती कधीच मोडली, काट्यांत गेली, असं जो तो सांगे. कुणी बघून आलेला मात्र भेटत नव्हता. हरणाबाई गेली. जमीन घट्ट, चढ नाही, उतार नाही, दोन्हीकडं बाभळी. अर्ध्या पायडलवाल्या, ब्रेक विसरणाऱ्या, सगळ्या पोरी इथून गाणी म्हणत गेल्या असत्या. तिला इतका आनंद झाला की तिनं उगाचच घंटी वाजवली.

रानशेजारी गुंडाच्या शेताशी वाट पायवाटेएवढी झाली. आणि पुढं वाटच नाही. डोक्याच्या वर गेलेला ऊस, भिंतीसारखा आडवा. सायकल बांधाला टेकवून ती अंग चोरून उसात शिरली. तीन सऱ्या आत तिला हद्दीचा दगड सापडला. दगडाला शेंदूर होता. दर दसऱ्याला हा शेंदूर अंबूबाई लावायच्या. ऊस घरचाच होता. हे रान ती रोज घराच्या बाजूनं बघायची. त्याची पाठ तिनं कधी बघितलीच नव्हती.

शेजारी गुंडा उसाला पाणी पाजत होता. "काय हुडकताय वैनी?"

"पानंद."

"ती व्हय? ती तुमच्या घरला गेली, च्या प्यायला." तो खोऱ्यावर रेलला. "आमी बी थोडी घेतलीया, खोटं कशाला बोलू. पन सुरवात तुमच्या नानासोंची. दर नांगरटीला नांगराचं एक तास आत. इचारलं तर म्हनत्यात, बैल सरकला. तुमी सोडा, मग आमी सोडतो."

सायकल हातात धरून ती चालत घरी आली. तिला चढून बसायचंही सुचलं नाही. राग हा पापाचा बाप, असं कीर्तनात ऐकायला बरं वाटतं. पण देवीच्या आठही हातांत काही फुलं दिलेली नाहीत.

थोरल्या दिरासमोर भावजयीनं उभं राहायचं नाही, थेट बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. बोलायचंच तर मधे तिसरं माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे अंबूबाई. त्या उंबऱ्याशी गहू निवडत बसल्या होत्या. नानासो ओसरीवर सुपारी कातरत होते.

आतून हरणाबाई म्हणाली, "आत्या, भावजींना इचारा, आपला ऊस पानंदीत कसा गेला?"

"आई, तिला म्हनावं, ऊस कुटं जात न्हाई. ऊस उगवतो."

"आत्या, त्यांना सांगा, त्याच उसापायी शालनचा हात मोडला."

"आई, हात ट्रकनं मोडला. आनि पोरगी चार बुकं शिकून कलेक्टर व्हनार न्हाई, ते बी सांग."

"मी काय टपालपेटी हाय व्हय तुमची?" अंबूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सूप बाजूला सारलं.

त्या बाजूला झाल्या आणि मधलं माणूस उरलं नाही. हरणाबाई उंबरा ओलांडून ओसरीवर आली. डोईवर पदर होता, पण मान खाली नव्हती.

"आवं भावजी, आता मलाच सांगा. ट्रकवाला परका मानूस. तुमी तिचं बाप. पानंद जाग्यावर असती तर पोर त्या रस्त्याला गेली असती का? तीन सऱ्यांचा ऊस लेकीपरास गोड लागला तुमाला?"

नानासो भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पलटनीत ऱ्हाऊन जीभ लय लांब झालीया. लालासाहेबाला कळवतो मी."

"कळवा. आनि हे बी कळवा, त्यो तिकडं देशाची हद्द राखतोय आनि तुमी हितं घरची हद्द सरकवताय."

अडकित्ता खाली पडला. तो कुणी उचलला नाही. त्या दिवशी नानासोंनी तिच्या हातचं ताट परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पूजा उरकली, कोयता घेतला आणि रानात गेली. कारखान्याची ऊसतोडीची टोळी यायला अजून वेळ होता. हद्दीच्या दगडापासून तिनं सुरुवात केली. उसाच्या पात्यांनी हात चिरले, मानेला पात्यांवरची बारीक कूस चावली. बायका येता-जाता थबकायच्या आणि पुढं जायच्या. पोरी त्यांच्याच होत्या. त्याचाच तिला जास्त संताप येत होता आणि कोयता आणखी जोरात बसत होता. उन्हं वर आली तशा अंबूबाई भाकरी घेऊन आल्या. भाकरी बांधावर ठेवून त्या खाली बसल्या आणि पाचट सोलू लागल्या.

मग नानासो आले. "थांब," ते म्हणाले. पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलले.

ती थांबली नाही. "अर्धा ऊस माझ्या मालकाचा हाय. धाकट्याच्या वाटनीला कडंचंच येतंय न्हवं? ही कड झाली."

पलीकडं गुंडा उभा होता. परक्यादेखत भावजयीच्या हातातला कोयता कसा हिसकावणार? नानासो घराकडं वळले. गुंडाचंही तोंड उतरलं होतं. "म्हंजे आता आमचा बी काढावा लागनार की," तो पुटपुटला. शब्द दिला होता, तो गिळता येईना. त्यानं शिव्या देत देत आपली कड काढली. त्याच्या पुढच्यांनीही तशीच, कुणी हरणाबाईला, कुणी एकमेकांना बोल लावत. पाणंद मोकळी झाली. हरणाबाईला दुवा मात्र कुणी दिला नाही.

नानासोंचं 'बास' अजून तसंच होतं. पण सोमवारी शालनच्या आईनं, रंगूबाईंनी, लेकीच्या वेण्या घातल्या आणि तिला जावेच्या सायकलीपाशी आणून उभं केलं. मोडका हात गळ्यात अडकवलेला. हरणाबाईनं तिला कॅरिअरवर बसवलं. ते बघून बाकीच्या आयांनीही पोरी सोडल्या. मागं अर्ध्या पायडलवाल्या, त्यांच्यामागं ब्रेक विसरणाऱ्या, अशी रांग लागली.

घरच्या उसापाशी पाणंदीच्या मधोमध नानासो उभे होते. हात मागं बांधलेले. वडीलधारं माणूस समोर दिसलं की बाईनं सायकलवरून उतरावं, पदर सावरून बाजूनं चालत जावं, एवढं हरणाबाईलाही कळत होतं. पण ती उतरली असती तर मागच्या पोरी एकमेकींवर आदळल्या असत्या. अर्ध्या पायडलवालीला एकदा थांबवलं की टेकायला दगड मिळाल्याशिवाय पुन्हा निघता येत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला उतरायचंच नव्हतं. राग अजून ताजा होता.

"काकी, आबा उभं हायती," शालन मागून हळूच म्हणाली.

"दिसल्यात. घट्ट धर."

तिनं घंटी वाजवली, ती थांबवलीच नाही. पार जवळ आल्यावर नानासो हलले. तोडलेल्या उसाच्या खोडक्यांत पाय ठेवून ते बाजूला झाले. पोरी एकामागून एक त्यांच्यासमोरून गेल्या.