खर्रा चोळलेली काच

आमच्या भंडारा जिल्ह्यात बर्फ पडत नाही, हे मला कोणी शिकवू नये. पण पौषात आंबागडच्या डोंगराखाली एखादी पहाट अशी येते की धानाच्या तणसावरचं दव गोठून पांढरं होतं आणि अंगणात उभ्या गाडीच्या काचेवर त्याचाच थर बसतो. तशाच एका पहाटे माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या.

पहिलं बाळंतपण होतं. रीतीप्रमाणे तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ अड्याळहून येऊन गेला होता, पण माझ्या दादाने "मळणी होऊ दे" म्हणून त्याला तसाच परत पाठवला होता. मी सासरहून मदतीला आले होते. दादा त्याची जुनी जीप तुमसरपर्यंत सवारीला चालवायचा. राग त्याच्या नाकावर, आणि हात रागाच्याही पुढे. घरात त्याचा मार न खाल्लेलं एकच माणूस होतं, आई. ती आधीच वाटेतून बाजूला व्हायची.

अॅम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्याच गावी गेलेली. वहिनीला गोधडीत गुंडाळून जीपच्या मागच्या सीटवर बसवलं. समोरच्या काचेतून काहीच दिसेना. वायपर काचेला चिकटला होता. दादाने तो उपटून फेकून दिला.

काचेवर तंबाखू चोळली की तिच्यावर पाणी धरत नाही, हे आमच्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक. पण दादाच्या खिशात नुसती तंबाखू कुठली? खर्रा होता. प्लास्टिकची पन्नी उघडून त्याने मूठभर खर्राच काचेवर खसाखसा घासला. खर्र्यात तंबाखूसोबत चुना असतो, सुपारीचे तुकडे असतात. चुन्याचा राडा झाला आणि सुपारीने काचभर ओरखडे उठले. आधी निदान नुसतं दव होतं.

"थांब दादा, मले फडक्यानं पुसू दे," मी म्हटलं. त्याने मला कोपराने ढकललं, आईने चुलीवर ठेवलेलं उकळतं पाणी पातेल्यासकट उचललं आणि काचेवर फेकलं. तडकन आवाज झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेला चिरा गेल्या.

मागून वहिनी कळवळून म्हणाली, "हळू ना जी! काहून असं करून राहिले?"

वड्याचं तेल वांग्यावर! "तुह्यापायीच होऊन राहिलं हे समदं!" असं ओरडत तो मागे गेला आणि त्याने तिच्या तोंडात मारली. कळा सोसणाऱ्या बाईच्या तोंडात. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडवीत धान कापायचा विळा खोचलेला होता. तो घेऊन मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. "आता हात लावशीन त याच विळ्यानं तोडीन तो!" मी खरंच तोडला असता. हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो मागे सरकला.

मग मी बॉनेटवर चढले आणि काचेभोवतीचं रबर विळ्याने चिरत गेले. आत येऊन सीटला पाठ लावली आणि दोन्ही टाचांनी काचेला लाथा घातल्या. काच सुटली, बॉनेटवरून घसरली आणि अंगणात फुटली.

"आता दिसते ना? चाल!"

तुमसरपर्यंत उघड्या चौकटीतून वारा आत घुसत होता. मी वहिनीवर ओणवी होऊन बसले होते. ती ओरडत होती, माझ्या दंडाला चावत होती. पुढे दादाला वारा थोबाडीत मारत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि स्टिअरिंग सोडून ते पुसायची सोय नव्हती. मला बरं वाटत होतं. बसू दे, म्हटलं, तुलाही बसू दे.

दवाखान्यात आत नेल्या नेल्या मुलगी झाली. दोघी वाचल्या. बाहेर नर्सबाईंनी दादाचं लाल, सुजलेलं तोंड पाहिलं. "अगाई, तोंडाले काय झालं जी तुमच्या?" म्हणत त्याला मलम आणून दिलं. वहिनीच्या गालावर बोटं उमटली होती. तिला कोणीच काही विचारलं नाही.

वहिनी तिथूनच अड्याळला गेली. होळीच्या आधी दादा तिला आणायला निघाला, तेव्हा मीही सोबत गेले. जीपला नवी काच होती, धुऊन लख्ख केलेली. वहिनीच्या अंगणात उभा राहून तो म्हणाला, "काच बसवली नवीन. चाल घरी."

वहिनी लेकीला खांद्यावर घेऊन दारात आली. तिने जीपकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काच त बसवली जी," ती म्हणाली. "हाताचं काय केलं?"

दादा गळ्यातल्या दुपट्ट्याने ती स्वच्छ काच पुसत राहिला. आम्ही दोघंच परत आलो.