पुसलेल्या रेघा

ब्रिस्टलला नोकरीला असताना मी दर शनिवारी एका लहानशा विमान संग्रहालयात हौसेने काम करायला जायचो. दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. तिथे आम्ही एक गॅनेट दुरुस्त करत होतो. विमानवाहू जहाजावरून उडणारं, पोटाखाली रडारचा घुमट असलेलं जुनं विमान. क्षितिजापलीकडून कोण येतंय ते हेरून ताफ्याला आधीच सावध करायचं, हे त्याचं काम. वैमानिक पुढे, आणि रडार बघणारे दोघे मागच्या अंधाऱ्या केबिनमध्ये, खांद्याला खांदा लावून. याच विमानात बसणाऱ्या त्या दोघांपैकी एक, आता साठी उलटलेला, आमच्याबरोबर काम करायचा. त्याचा जोडीदार वारला होता.

एका शनिवारी खंडेनवमी आली. मी खिशात हळद-कुंकवाची डबी आणि अक्षता घेतल्या, तेव्हा बायको हसली. "अरे, स्वतःची गाडी चार महिने धुतली नाहीस, आणि दुसऱ्याच्या विमानाची पूजा?"

म्हातारा यायच्या आत मी केबिनमध्ये शिरलो. पूजेआधी यंत्र स्वच्छ हवं, म्हणून रडारच्या काचेवरच्या मेणचट पेन्सिलीच्या जुन्या रेघोट्या स्पिरिटने घासून काढल्या. काच लखलखली. हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि कुणी बघू नये म्हणून सगळं पुसूनही टाकलं.

दुपारी म्हातारा आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग दारातून म्हणाला, "काच कुणी पुसली? तिच्यावर माझ्या जोडीदाराच्या हातच्या खुणा होत्या. आमच्या शेवटच्या उड्डाणातल्या."

मी म्हणालो, "परवा शाळेची मुलं आली होती ना, त्यांनी असेल."

पुढच्या शनिवारी केबिनला कुलूप होतं. मुलांना आत बसायची बंदी झाली होती. म्हाताऱ्याने कुलूप काढलं, मला टॉर्च धरायला सांगितलं आणि जोडीदाराच्या खुर्चीच्या शिवणीतून नखाने काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा.

"हे काय असेल?"

माझ्या डब्यातला भात त्याने कितीदा खाल्ला होता. तरी मी म्हणालो, "मुलांच्या खाण्यातलं असेल."

"असेल," तो म्हणाला.

मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि काचेवर एक रेघ ओढली, तिला छेदणारी दुसरी ओढली. तिसरीला हात थांबला. "पुढचं तो काढायचा," तो म्हणाला.

मी टॉर्च धरून उभा होतो. दाणा मुठीत होता. तेव्हाही खरं सांगता आलं असतं. मी विचारलं, "उजेड पुरतोय ना?"