घोडा कुठे लपवला?

दुसऱ्याच्या घोड्यात इतका जीव गुंतलेला माणूस आमच्या अख्ख्या वॉलॉंगॉंग शहरात सापडणार नाही, आणि तो घोडा मरूनही शंभरावर वर्षं झाली असतील. माणूस म्हणजे माझ्या नवऱ्याचा मित्र, माझे मानलेले भाऊजी. ऑस्ट्रेलिया इंग्रजांची वसाहत असताना इथल्या उत्तरेकडच्या ओसाड मुलखातल्या एका पोलीस शिपायाने चोरटी दारू विकणाऱ्याकडून लाच म्हणून घोडा घेतला, असा आरोप होता. निकाल काय लागला, कोणालाच ठाऊक नव्हतं. स्टीलच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर भाऊजींनी ती चौकशी स्वतःच्या अंगावर घेतली. दर शनिवारी डबा घेऊन ट्रेनने सिडनीला जायचे, दिवसभर जुनी सरकारी दफ्तरं उपसायचे आणि परतताना आमच्याकडे जेवायला यायचे. हात धुवायच्या आधी प्रश्न, "वहिनी, तुम्हाला कोणी घोडा दिला तर कुठे लपवाल?"

"गॅरेजमध्ये."

"खोटं. तिथे ट्रेडमिल आहे."

मग नवऱ्याला वेगळ्या खोलीत नेऊन तेच विचारायचे आणि आमचे जबाब जुळत नाहीत म्हणून खूश व्हायचे. शेजारचा गोरा म्हणाला, "नो वरीज मेट, बिहाइंड द शेड!" तेही भाऊजींच्या वहीत गेलं.

एकदा पोळ्या लाटताना मी वैतागले. "अहो, तो शिपाई तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही. माझे वडील हवालदार होते, साताऱ्याकडे. लाचेचा आरोप आला, सस्पेंड झाले. चौकशी संपायच्या आधी गेले. आई शेवटपर्यंत पोस्टमनची वाट बघायची."

मी पुढची पोळी लाटायला घेतली. दुसरं काय करणार?

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी ते प्रश्न न विचारताच ताटावर बसले. "निकाल सापडला. घेतला होता घोडा."

म्हटलं, आता हा माणूस खचणार. पण त्यांनी आमटी वाढून घेतली. "दोषी तर दोषी. कोणीतरी शेवटपर्यंत लिहिलं, खाली सही केली. घरच्यांना कळलं तरी."

पुढच्या महिन्यात ते वडिलांची फाईल शोधायला साताऱ्याला गेले. पंधरा दिवसांत येतो म्हणाले होते, त्याला सात महिने झाले. शनिवारी माझ्याकडे अजून तीन पोळ्या उरतात.

परवा फोन आला. "फाईल नाही सापडली, वहिनी. पण कारकून आता मला बघून उठून जात नाही. काल बसायला खुर्ची दिली."

"मग बसा," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर आठवलं. घोडा लपवायला एक चांगली जागा मला सुचली होती. सांगायची राहिली.